लहान मुलं, बँडवाले आणि निवृत्त मंडळी: क्लॅरिनेटच्या शिकवणीत एकाच बॅचला चालतील का?

चालतील, पण सगळ्यांना पहिल्या दिवसापासून सी (इंग्रजी सूर C) वरून सारेगम शिकवणार असाल तर नाही. तुमचा प्रश्न असा: कोल्हापूरला राजारामपुरीत घरी शिकवणी सुरू करायची आहे, आठ वर्षांच्या मुलापासून निवृत्त काकांपर्यंत सगळे तयार आहेत, तर बॅच एक की वेगवेगळी, आणि फी कशी घ्यायची? ते सांगतो, पण आधी सा कुठं धरायचा ते बघू. गाडी अडते ती तिथंच.

बहुतेक ठिकाणी पुस्तकातला सी म्हणजे सा धरून भूप राग सुरू करतात. अंगठा आणि डावी तीन बोटं म्हणजे सा, एकेक बोट उचलत रे, ग. प मोकळा, ध ला ए ची चावी. इथवर पोरगं खूश. मग येतो तार सा, म्हणजे वरच्या सप्तकातला सा. ध ला एकच बोट लागत होतं, आता रजिस्टर चावीसकट (डाव्या अंगठ्याजवळची, सूर वर नेणारी चावी) दोन्ही हातांची जवळजवळ सगळी बोटं एकदम बसली पाहिजेत. एकही भोक उघडं राहिलं की चीं! पोराला वाटतं आपल्याला सूरच नाही, आईला वाटतं वाद्य खराब निघालं. दोष दोघांचाही नाही. बासरी जोरात फुंकली की त्याच बोटांवर वरचं सप्तक मिळतं. क्लॅरिनेटला रजिस्टर चावी दाबली की सा च्या बोटांवर तार प लागतो. हे माहीत असूनही लोक सी वरूनच शिकवतात, कारण पुस्तकात पहिला धडा तसा आहे.

खालचा जी सा धरा. अंगठा, डावी तीन, उजवी तीन: सा. उजवी अनामिका उचलली की रे. ग ला उजव्या हाताचं फक्त मधलं बोट. प ला डावी पहिली दोन, ध ला डावी तर्जनी, आणि तार सा पूर्ण मोकळा, अंगठासुद्धा वर. रजिस्टर चावीला हातच लावायचा नाही. दुर्गा राग आणखी सोपा, कारण ग गाळून म घ्यायचा आणि तो फक्त डाव्या हातावर. पेटीवर हा सा म्हणजे पांढरी चार (वाद्य बी फ्लॅटचं असल्यानं सी चा सा काळी पाच येतो). देवल क्लबसारखी जुनी संगीतसंस्था असलेलं गाव आहे, पेटी शेजारीपाजारी कुठं ना कुठं सापडतेच. साथीला लावून द्या. खाली मात्र मंद्र (खालच्या सप्तकातल्या) ध पर्यंतच, पुढं वाद्यच संपतं.

यावर ठरलेली हरकत: नवख्याचा उजवा हात बसत नाही. मग वरून खाली उतरा ना! सा, ध, प, मग हळूहळू उजवा हात. खालचा सा फाटला तर बोटं तशीच घट्ट दाबून धरायला लावा आणि मग उलटी करून बघा. प्रत्येक बोटावर भोकाचा पूर्ण गोल वळ हवा. अर्धा वळ बहुतेक वेळा उजव्या अनामिकेवर दिसतो.

आता माणसं. आठ वर्षांच्या मुलाचे वरचे पुढचे पक्के दात आलेत का आणि अनामिका भोक झाकते का, एवढं बघा. नसेल तर वर्षभर रेकॉर्डर (सोपी उभी बासरी) द्या किंवा सी ची छोटी प्लॅस्टिक क्लॅरिनेट. रीड (फुंकल्यावर थरथरणारी पातळ पट्टी; नंबर जितका मोठा तितकी कडक) दीड किंवा दोन नंबर. काकांना कवळी असेल तर वरच्या दातांच्या दाबानं ती हलते; माउथपीसवर (तोंडात धरायच्या भागावर) रबरी पॅच लावा, तरी हलली तर वरचा ओठही दातांवर घ्यायला सांगा. उजवा अंगठा दुखत असेल तर गळ्यात पट्टा.

बँडची मुलं तीन नंबर रीड घेऊन येतात, कारण कुणीतरी सांगितलेलं असतं की कडक रीडनं आवाज मोठा येतो. मिरवणुकीत हलगी-ताशाच्या वर ऐकू जायला हवं हे मान्य, पण कडक रीडवर ती रीड चावतात, सूर चढतो आणि तासाभरात ओठ सुजतो. अडीचवर आणा. आवाज श्वासानं मोठा होतो.

पावसाळ्यात इथं रीड वाळत नाही. टोपीखाली माउथपीसवर तशीच ठेवली तर बुरशी येते. पुसून काचेवर सपाट ठेवा, तीन-चार आलटून पालटून वापरा. लाकडी वाद्याचे सांधे फुगून अडकले तर पिळू नका. शिकाऊंना प्लॅस्टिकचंच वाद्य घ्यायला लावा.

बॅच: सूर लावणं आणि अलंकार एकत्र, पण प्रत्येकाला आठवड्यातून अर्धा तास एकट्याला. फी तासावर नको, महिन्यावर घ्या. तुळशीच्या लग्नानंतर बँडची मुलं गायब होतात, त्यांच्याशी हे आधीच बोलून घ्या.

आणि हो, वर सांगितलेली बोटं बोएम पद्धतीच्या (आजच्या नेहमीच्या चाव्यांच्या) वाद्याची आहेत. बँडमधल्या जुन्या तेरा-चौदा चाव्यांच्या क्लॅरिनेटवर ग वेगळा लागतो, तो तपासून घ्या. कुणाला पाश्चात्त्य संगीताच्या ग्रेडच्या परीक्षा द्यायच्या असतील तर त्याला सी पासूनच शिकवावं लागेल, तिथं माझा हट्ट नाही.