नेब्युलायझर, लेझर आणि बी.एड.चा फॉर्म

प्रश्न : मुलगी बेळगावात बी.एस्सी. फिजिक्सच्या शेवटच्या वर्षाला आहे. गुण ७८ टक्के. आजोबांच्या नेब्युलायझरचे तुषार उडवून रात्री अंधारात त्यांवर लेझर सोडत बसते आणि यातच पुढे शिकायचे म्हणते. आम्ही बी.एड. ठरवले आहे. बंगळूरला एकटीला पाठवणार नाही. तिच्या हट्टाखातर एकदा जॅम (आयआयटींची एम.एस्सी.ची प्रवेशपरीक्षा) देऊ देतो. नाही जमले तर लग्न उरकून टाकू. लेझर स्कॅटरिंगचा (लेझरचा प्रकाश कणांवरून विखुरण्याचा) कोर्स जवळपास कुठे आहे का?
– एक पालक, खानापूर तालुका

उत्तर : गुणांची मला मुळीच चिंता वाटली नाही. चिंता वाटली ती ‘लग्न उरकून टाकू’ या वाक्याची. जॅमच्या, फेब्रुवारीतील तीन तासांच्या एका पेपरात कमी गुण पडले, तर त्याची शिक्षा म्हणून लग्न, असा हा हिशेब आहे आणि तो मुलीला माहीत असणार. असे ओझे डोक्यावर घेऊन बसलेली मुलगी पेपरातील गणितापेक्षा घरी काय सांगायचे याचाच विचार अधिक करील. तीन वर्षे रोज बेळगावला ये-जा करणारी मुलगी वसतिगृहात राहू शकणार नाही, हे आपण कशावरून ठरवले, तेही पत्रात नाही. बी.एड.ला मी कमी लेखत नाही. पण ज्याला मनातून शिकवायचे नाही अशा शिक्षकाची किंमत वर्गातील मुले मोजतात.

आता आपला मूळ प्रश्न. ‘लेझर स्कॅटरिंग’ नावाची पदवी शोधू नका आणि त्या नावाने कोणी प्रमाणपत्र विकत असेल तर पैसे भरू नका. हा संशोधनाचा विषय आहे. तिथे जाण्याची वाट फिजिक्सच्या एम.एस्सी.तून आणि पुढे पीएच.डी.तून जाते. एम.एस्सी.ला प्रकाशशास्त्र, विद्युतचुंबकत्व आणि संगणकीय गणन या तिन्हींचा पाया पक्का झाला, म्हणजे विषय निवडण्याची वेळ येते.

ती रात्री जे पाहते तो पोरखेळ नव्हे. नेब्युलायझरचे थेंब साधारण एक ते पाच मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), म्हणजे प्रकाशाच्या तरंगलांबीहून थोडेच मोठे असतात. असे थेंब बराचसा प्रकाश पुढच्या दिशेने विखुरतात, म्हणून तोच झोत बाजूने फिकट दिसतो. गोल कणावरून प्रकाश कसा विखुरतो, याचे गणित जर्मन भौतिकशास्त्रज्ञ गुस्ताव मी (Mie) यांनी १९०८ साली मांडले. थेंब थोडा मोठा असेल, तर पृष्ठभागावरून परतलेला आणि थेंबातून वळून आलेला प्रकाश एकमेकांत मिसळून उजळ-काळे पट्टे उमटतात. थेंब जितका मोठा तितके पट्टे दाट, आणि ते मोजून थेंबाला स्पर्शही न करता त्याचा व्यास काढता येतो. अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ आर्थर अश्किन यांनी तर लेझरच्याच बळावर थेंब अधांतरी तोलून धरले. प्रकाशाच्या चिमट्यांवरील, म्हणजे लेझरने सूक्ष्म कण पकडून धरण्याच्या तंत्रावरील कामासाठी त्यांना २०१८ चे नोबेल मिळाले. ढग, इंजिनात फवारले जाणारे इंधन, दम्याचा इन्हेलर, शेतातील औषधफवारणी या सर्वांत थेंबाचा आकारच निर्णायक ठरतो. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेची ढगांचा अभ्यास करणारी प्रयोगशाळा महाबळेश्वरला आहे, म्हणजे सगळ्या वाटा बंगळूरलाच जातात असेही नाही.

तिला जॅम देऊ द्या. सोबत राणी चन्नम्मा आणि शिवाजी विद्यापीठांच्या एम.एस्सी.चे अर्जही भरा. पुढे नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेतून जेआरएफ (संशोधनासाठीची शिष्यवृत्ती) मिळाल्यास पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० रुपये आणि नियमानुसार घरभाडे मिळते, त्यामुळे पीएच.डी.चा भार घरावर पडेलच असे नाही. बी.एड. एम.एस्सी.नंतरही करता येते.

यापुढचे पत्र मात्र तिने लिहावे आणि आपण ते न वाचता पाठवावे. तोवर थोडी खबरदारी. तिचा लेझर पॉइंटर हिरवा व स्वस्तातला असेल, तर त्यातून डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरणही बाहेर पडत असण्याची शक्यता आहे. साध्या गॉगलने त्यांपासून संरक्षण होत नाही. झोत डोळ्यांच्या पातळीखाली ठेवावा, समोर आरसा किंवा स्टीलचे भांडे नसावे, आणि प्रयोग आजोबांच्या औषधावर नव्हे, तर साध्या सलाइनवर, वेगळ्या नेब्युलायझरने करावा.