कामगार युनियनला विद्यापीठाच्या फीशी काय देणंघेणं?

तुमचा प्रश्न असा आहे: पगारवाढ, बोनस, कंत्राटी कामगार एवढे विषय असताना युनियनवाले फीवाढ आणि शैक्षणिक कर्जाच्या विरोधात का बोलतात? ते काम विद्यार्थी संघटनांचं नाही का?

मी छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज एमआयडीसीत कामाला आहे, युनियनच्या कमिटीवर आहे. तिथून जे दिसतं ते सांगतो.

भांडून करार करायचा, पगारवाढ पदरात पाडायची आणि ती पोराच्या कॉलेजात नेऊन भरायची, असं चाललंय. पण माझ्या मते खरी गोम पुढं आहे. ते पोरगं शिकून आमच्याच लाईनवर ट्रेनी म्हणून येतं. डोक्यावर बँकेचं कर्ज, सहकर्जदार म्हणून बापाची सही. शिक्षण संपल्यावर साधारण वर्षभरानं हप्ता सुरू होतो, मग नोकरी असो नसो. शिकत असतानाचं व्याजही मुदलात चढलेलं असतं. असं पोरगं ओव्हरटाईमला नाही म्हणत नाही, कंत्राटावर मुकाट राहतं आणि युनियनची पावती फाडायला, म्हणजे सभासद व्हायला, घाबरतं. संपाचं तर नावच नको.

बीड-गेवराईकडच्यांना हे लगेच कळेल. ऊसतोडीला जाण्याआधी मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतात आणि हंगामभर कोयता चालवून ती फेडतात. नाही फिटली तर पुढच्या वर्षी पुन्हा त्याच्याच टोळीत. शैक्षणिक कर्ज ही शिकलेल्या पोराची उचल. ऊसतोड्याचं निदान काम तरी आधी ठरलेलं असतं!

महाराष्ट्रात 1983 साली वसंतदादा पाटील सरकारनं विनाअनुदानित इंजिनिअरिंग, मेडिकल कॉलेजांना वाट मोकळी केली. त्यामुळं कॉलेजं गावाजवळ आली, हे मी नाकारत नाही. पण फी लाखात आणि शिकवणाऱ्याचा पगार महिनोन्‌महिने थकलेला, हेही आपण बघतोच. अनुदानित कॉलेजातसुद्धा जागा भरायच्या सोडून सीएचबीवर, म्हणजे तासाच्या पैशावर, प्राध्यापक राबवतात. तो कामगारच की.

इंग्लंडमध्ये फीचा आणि युनियनचा प्रश्न उघडपणे जोडला गेला. तिथं 1998 मध्ये वर्षाला 1,000 पौंडांपर्यंत फी लागली आणि 2012 पासून कमाल मर्यादा 9,000 झाली. त्या वाढीविरुद्ध 10 नोव्हेंबर 2010 ला लंडनमध्ये मोर्चा निघाला, तो एनयूएस ही विद्यार्थी संघटना आणि यूसीयू ही प्राध्यापकांची युनियन यांनी मिळून काढला होता. तिथं निदान ठरावीक उत्पन्नाच्या वर गेल्यावरच हप्ता कापतात. आपल्याकडं तेवढीही सवलत नाही.

आपल्या राज्यात 2024-25 पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी, ओबीसी घरातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण आणि परीक्षा फी माफ आहे. चांगला निर्णय. पण मॅनेजमेंट कोट्याला तो लागू नाही आणि खोलीभाडं, मेस त्यात येत नाही. त्यांच्या भावांपैकी बऱ्याच जणांना निम्मीच सवलत. महाडीबीटीचे, म्हणजे सरकारच्या ऑनलाइन पोर्टलवरून येणारे, सवलतीचे पैसे रेंगाळले की कॉलेज म्हणतं आधी तुम्ही भरा, आणि बाप पतसंस्थेच्या दारात.

आता राहिला 'हा आपला विषय नाही' हा मुद्दा. बाबासाहेबांनी 1936 मध्ये स्वतंत्र मजूर पक्ष काढला आणि 1950 मध्ये आपल्या इथं मिलिंद महाविद्यालय सुरू केलं. त्यांना हे दोन विषय वेगळे वाटले नाहीत. बहुतेक युनियन मात्र अजूनही ठराव करून मोकळ्या होतात.

आमच्या मागणीपत्रात यंदा दोन कलमं आहेत: कामगारांच्या मुलांच्या फीसाठी बिनव्याजी रक्कम आणि ट्रेनींना कायम करण्याची पक्की मुदत. पहिल्यावर मॅनेजमेंट बोलायला तयार आहे, दुसऱ्यावर नाही.