पहिला बर्फाळ हिवाळा : मोठा हीटर घेण्याआधी घराच्या फटी बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : बर्फाच्या प्रदेशातला पहिलाच हिवाळा, भाड्याचं जुनं घर, थर्मोस्टॅट (घराचं तापमान ठरवणारं भिंतीवरचं यंत्र) 24 अंशांवर ठेवला तरी पाय गार, सकाळी काचांवरून पाणी ओघळतं, आणि पुढच्या महिन्यात दहा दिवस घर बंद ठेवून जायचंय. मग मोठा हीटर घ्यावा का?

इतक्यात घेऊ नका. थर्मोस्टॅट फक्त त्याच्या भिंतीजवळच्या हवेचं तापमान मोजतो. तुमच्या पायांना लागते ती जमिनीलगतची हवा, आणि ती आत येण्याचं कारण बहुधा घराच्या माथ्यावर असतं. गरम हवा हलकी, ती वर चढते आणि पोटमाळ्याच्या झाकणाच्या कडेने, छतातल्या दिव्यांभोवतीच्या फटींतून निघून जाते. जेवढी वरून गेली तेवढीच बाहेरची गार हवा खालून ओढली जाते : दाराखालून, तळघरात भिंतीवर लाकडी चौकट टेकते तिथून, पाइप भिंतीतून आत येतात त्या भोकांतून. घर जितकं गरम कराल तितकी ही ओढ वाढते. म्हणून दाराखाली टॉवेल कोंबून अर्धंच काम होतं. आधी वरच्या फटी, मग खालच्या, मधल्या खिडक्या शेवटी.

फटी शोधायला वाऱ्याचा, गार दिवस निवडा. सगळ्या खिडक्या बंद करा, स्वयंपाकघरातला आणि बाथरूममधला एक्झॉस्ट पंखा लावा आणि पेटती उदबत्ती कडाकडांनी फिरवा (पडद्यांपासून जपून). धूर जिथे आडवा होतो तिथे फट आहे. त्या वेळी गॅसवरचा बॉयलर (घर तापवण्यासाठी पाणी गरम करणारं यंत्र), गीझर, शेगडी, लाकडाची चूल हे सगळं बंद हवं. नाहीतर पंख्याच्या ओढीने धुराड्यातला धूर उलटा घरात येतो.

बुजवताना वस्तू जागेप्रमाणे निवडा. उघडझाप होते तिथे, म्हणजे दार, खिडकी, पोटमाळ्याचं झाकण, चिकटणारी फोमची किंवा रबराची पट्टी. पट्टी दबली पाहिजे, पण दार लावायला जोर लागू नये. न हलणाऱ्या, साधारण 6 मिमीपर्यंतच्या फटीला सिलिकॉन सीलंट, त्याहून मोठ्या भोकाला स्प्रे फोम. धुराड्याभोवती मात्र फोम अजिबात नको, तिथे पत्रा आणि आगीला टिकणारं सीलंटच लागतं. पोटमाळ्याच्या झाकणाला वरच्या बाजूने जाड फोमचा तुकडा चिकटवा, नुसत्या पातळ झाकणातून बरीच उष्णता जाते. वळचणीखालच्या पोटमाळ्याच्या जाळ्या आणि बॉयलरला हवा पुरवणारी जाळी कितीही गार वारा आला तरी बुजवू नका. घर भाड्याचं आहे, तेव्हा सीलंट किंवा फोम मारण्याआधी मालकाला विचारा. पट्ट्या काढता येतात, फोम निघत नाही.

आता काचांवरचं पाणी. आधी ते नेमकं कुठे आहे ते बघा. खोलीकडच्या काचेवर असेल तर घरात ओलावा जास्त आहे. दोन सुट्या खिडक्यांपैकी बाहेरच्या काचेच्या आतल्या अंगाला असेल तर आतली खिडकी गळते आहे. एकाच चौकटीतल्या जोड काचेच्या पोटात धुकं असेल तर तिचं सील गेलंय, तिथे बदलण्याखेरीज इलाज नाही.

20 अंशांच्या हवेत आर्द्रता 50 टक्के असेल तर 9 अंशांच्या आसपासच्या कुठल्याही पृष्ठभागावर पाणी धरतं. आर्द्रता 30 टक्क्यांवर आणली तर तोच आकडा 2 अंशांवर येतो. बाहेर उणे 10 असताना साध्या जोड काचेची आतली बाजू 9 अंशांच्या आसपास असते, एकेरी काचेची शून्याखाली. म्हणजे 50 टक्के आर्द्रतेत जोड काचही काठावर असते, एकेरी काचेवर पाणी येणारच. स्वस्तातला आर्द्रतामापक घ्या. उणे 10 ला 35 टक्के, उणे 20 ला 25 ते 30, उणे 30 ला 20 टक्के असं धोरण ठेवा.

खरं तर गळक्या घरात हवा कोरडी पडायला हवी. बाहेरची उणे 10 ची हवा आत येऊन 20 अंशांपर्यंत तापली की तिची आर्द्रता दहा टक्क्यांच्या आसपास उरते. तरीही काचा भिजतात, म्हणजे ओलावा घरातच तयार होतोय. घरात वाळत घातलेले कपडे, झाकण न ठेवता उकळणारं पातेलं, अंघोळीनंतर न लावलेला पंखा, कपडे वाळवायच्या ड्रायरची निसटलेली नळी हे नेहमीचे संशयित. धुराडं नसलेला केरोसीनचा हीटर असेल तर तो आधी बंद करा : लिटरभर केरोसीन जळलं की साधारण लिटरभर पाण्याची वाफ खोलीत येते, शिवाय विषारी वायू वेगळाच. फटी बुजवल्यावर आतला ओलावा आणखी साचणार, म्हणून अंघोळीनंतर वीस मिनिटं पंखा चालू ठेवायची सवय आत्तापासूनच लावा.

एकेरी काचेला भाड्याच्या घरात सर्वांत सोयीचा उपाय म्हणजे आकसणारी प्लास्टिक फिल्म. चौकट स्पिरिटने पुसून पूर्ण वाळवा, ओल्या किंवा धुळकट लाकडावर टेप आठवड्यात सुटतो. चारी बाजूंनी दुहेरी चिकट टेप लावा, फिल्म सगळीकडून 5 सेंमी जादा कापा, वरून खाली ताणत चिकटवा. मग हेअर ड्रायर हातभर नाही, पण चार बोटं तरी लांब धरून कोपऱ्यांपासून फिरवत राहा. एका जागी थांबलात की भोक पडतं. सुरकुत्या गेल्यावरच जादा कडा कापा. मधे अडकलेली स्थिर हवा हेच इथलं इन्सुलेशन, म्हणजे उष्णता रोखणारा थर, त्यामुळे एक कडा सुटली तर सगळं काम वाया. वसंतात टेप काढतानाही ड्रायरने गरम करून काढा, रंग निघत नाही. रेडिएटर (खोली तापवणारं, आतून गरम पाणी फिरणारं उपकरण) खिडकीखाली असेल तर लांब पडदा त्याच्यावरून सोडू नका, मग तुम्ही खोली सोडून काच तापवत बसता.

यंत्रणा कोणती आहे ते तुम्ही लिहिलेलं नाही, म्हणून तीन प्रकार पटकन. गरम हवेची भट्टी असेल तर फिल्टर दर महिन्याला उजेडासमोर धरून बघा. तो तुंबला की आतला भाग जास्त तापतो, सुरक्षा स्विच ज्योत बंद करतो आणि भट्टी सारखी चालू-बंद होत राहते. लोक याला ‘हीटर कमी पडतो’ म्हणतात. पाण्याचा रेडिएटर वर गार, खाली गरम असेल तर आत हवा अडकली आहे : यंत्रणा बंद करून, गार झाल्यावर, वरच्या कोपऱ्यातला स्क्रू चावीने पाव फेरा सोडा, फुसफुस थांबून पाणी आलं की बंद करा, मग बॉयलरचा दाब बघा. घरगुती बंद यंत्रणेत गार असताना तो साधारण 1 ते 1.5 बार असतो. हीट पंपाच्या (बाहेरच्या हवेतली उष्णता आत आणणाऱ्या यंत्राच्या) बाहेरच्या युनिटमधून अधूनमधून वाफ निघते, ती बिघाड नाही, तो स्वतःवरचा बर्फ वितळवत असतो. पण बर्फाचा ढीग त्याच्या पंख्यापर्यंत येऊ देऊ नका. आणि कुठल्याही यंत्रणेत थर्मोस्टॅट 30 वर नेल्याने घर लवकर तापत नाही.

छोटा हीटर एखाद्या खोलीपुरता हवाच असेल तर एक लक्षात घ्या : 1500 वॅटचा स्वस्त आणि 1500 वॅटचा महाग, दोघे सारखीच उष्णता देतात. तो थेट भिंतीच्या प्लगला लावा, एक्स्टेंशनला नाही, आणि पडदा-पांघरुणापासून मीटरभर लांब ठेवा.

बर्फ पडून गेल्यावर पहिलं फावडं गाडीसाठी उचलू नका. घराच्या भिंतीतून बाहेर आलेले बॉयलरचे किंवा भट्टीचे प्लास्टिक पाइप आधी मोकळे करा. ते गाडले गेले की यंत्र बंद पडतं किंवा कार्बन मोनॉक्साइड घरात साठतो. त्याला वास नाही, रंग नाही, म्हणून प्रत्येक मजल्यावर, झोपायच्या खोल्यांजवळ त्याचा अलार्म हवा. वीज गेली तरी जनरेटर गॅरेजमध्ये लावायचा नाही, दार उघडं ठेवूनसुद्धा नाही. तो बाहेर, घरापासून निदान 6 मीटर लांब. पायवाटेवरचा बर्फ आधी बाजूला ओढा, मग मीठ टाका. साधं मीठ उणे 9 च्या खाली फारसं काम करत नाही, तिथे कॅल्शियम क्लोराइड किंवा पकड यावी म्हणून नुसती वाळू.

पन्हळीच्या काठाला बर्फाची जाड भिंत आणि लांब सुळे दिसले तर तो छताचा दोष नाही. पोटमाळ्यात निसटलेल्या उष्णतेने वरचा बर्फ वितळतो आणि गार वळचणीला येऊन पुन्हा गोठतो. मागे साचलेलं पाणी कौलांखालून घरात शिरतं. कुदळीने फोडायला जाऊ नका. जमिनीवर उभं राहून लांब दांड्याच्या खोऱ्याने काठावरचा मीटरभर बर्फ ओढा, आणि पोटमाळ्याच्या फटींकडे परत जा.

आता दहा दिवसांचं. पाणी गोठताना साधारण 9 टक्के फुगतं, पण पाइप बहुतेकदा बर्फ झालेल्या जागी फुटत नाही. बर्फाचा बोळा पुढे सरकत बंद नळापर्यंतचं पाणी दाबत जातो आणि दाब असह्य झाला की तिथे पाइप फाटतो. म्हणून कडाक्याच्या रात्री बाहेरच्या भिंतीतल्या नळाची बारीक धार चालू ठेवतात. वाहतं पाणी गोठत नाही हा त्यातला अर्धाच भाग, खरा फायदा दाब सुटण्याचा. घरात असताना सिंकखालच्या कपाटाची दारंही उघडी ठेवा. बाहेरच्या नळाला लावलेली होज (बागेची रबरी नळी) आजच काढा, ती राहिली तर न गोठणारा म्हणून विकलेला नळही भिंतीच्या आत फुटतो.

निघताना थर्मोस्टॅट 13 अंशांच्या खाली नेऊ नका. मग पाण्याचा मुख्य व्हॉल्व्ह बंद करा, सर्वांत वरचा आणि सर्वांत खालचा नळ उघडा, फ्लश ओढा आणि पाणी उतरू द्या. गीझर विजेचा असेल तर बंद करा. रेडिएटरचा बॉयलर त्याच पाइपातून पाणी घेत असेल, किंवा आग विझवायचे फवारे त्यावर असतील, तर व्हॉल्व्हला हात लावण्याआधी मालकाला विचारा. शेजाऱ्याकडे किल्ली द्या : वीज गेली तर थर्मोस्टॅट 13 वर असूनही काही उपयोग नाही.

परतल्यावर उघडे नळ तसेच ठेवून मुख्य व्हॉल्व्ह हळू, पाव-पाव फेऱ्याने सोडा आणि तळघरात कान द्या. एखाद्या नळाला पाणीच आलं नाही तर त्याचा पाइप गोठलाय. नळ उघडा ठेवून, नळाच्या बाजूने सुरुवात करत हेअर ड्रायरने मागे मागे जा, म्हणजे वितळलेल्या पाण्याला बाहेर वाट मिळते. ज्योत कधीही लावू नका. पाइपाला चीर दिसली तर वितळवण्याआधी व्हॉल्व्ह बंद करा, कारण बर्फ आहे तोवरच ती गळत नसते.