गाडीही राहील, कार्यशाळाही होईल

घरच्या गॅरेजमध्ये सुतारकाम आणि किरकोळ दुरुस्तीसाठी बेताच्या खर्चात जागा कशी करावी, याविषयी वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांपैकी पाच प्रश्न येथे घेतले आहेत.

प्रश्न : आमच्या बंगल्याचे गॅरेज आतून दहा बाय अठरा फुटांचे आहे. मोटार बाहेर ठेवता येत नाही. तरीही कामाचे टेबल आणि सामानाची सोय होईल का? कपाटे आधी करून घ्यावीत का? (नाशिक)

उत्तर : सोय होईल, पण कपाटे आधी करू नका. दारांची कपाटे हा गॅरेजमधला सर्वांत महाग आणि सर्वांत कमी उपयोगी खर्च आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. दार उघडायला पुढे जागा लागते, ती आपल्याकडे नाही. शिवाय आत काय ठेवले आहे ते दिसत नसल्याने तीच वस्तू दुसऱ्यांदा विकत आणली जाते.

आधी मोजमाप पाहू. अठरा फूट म्हणजे सुमारे साडेपाच मीटर. आपली मोटार चार मीटरच्या आतली असेल, तर लांबीत जवळपास पाच फूट उरतात. मागच्या भिंतीला दोन फूट खोलीचे टेबल लावले तरी उभे राहण्यापुरती जागा राहते, आणि मोठे काम काढायचे असेल त्या दिवशी गाडी तासाभरासाठी बाहेर काढावी. रुंदीत गाडी डाव्या भिंतीकडे सरकवून उभी करावी, म्हणजे चालकाचे दार नीट उघडते. डाव्या बाजूला बसणाऱ्यांनी बाहेरच उतरावे. त्या डाव्या भिंतीवर बॉनेटच्या उंचीच्या वर नऊ ते बारा इंच खोलीच्या फळ्या बसवल्या, तर त्या गाडीच्या आड येत नाहीत.

टेबलाचा सांगाडा फॅब्रिकेटरकडून करून घेणे स्वस्त पडते. सहा फूट लांब, दोन फूट खोल, वरची आणि खालची चौकट, मध्ये एक आडवी पट्टी, असा सांगाडा 40 बाय 40 मिलिमीटरच्या, 2 मिलिमीटर जाडीच्या चौकोनी पाइपचा केला, तर सुमारे 14 मीटर पाइप लागतो. हा पाइप मीटरला साधारण 2.4 किलो भरतो, म्हणजे सांगाडा 33-34 किलोंचा झाला. आपल्या गावातल्या किलोच्या दराने गुणले की फॅब्रिकेटरने सांगितलेला भाव वाजवी आहे की नाही हे आपल्याला घरबसल्या कळते. पाइप बहुधा सहा मीटर लांबीचे येतात, त्यामुळे तीन नग घ्यावे लागतील. उरलेले तुकडे दुकानात न सोडता घरी आणावेत. पायांना खालून बोल्ट लावून घ्यावेत, कारण गॅरेजच्या शहाबादी फरशीला शटरकडे उतार असतो आणि डुगडुगणाऱ्या टेबलावर रंधा नीट चालत नाही.

वरच्या पाटासाठी 18 मिलिमीटरच्या प्लायचा आठ बाय चार फुटांचा एकच ताव पुरतो. तो दुकानातच लांबीत मधोमध कापून घ्यावा, दोन्ही पट्ट्या सहा फुटांवर तोडाव्यात, त्या एकमेकींवर फेविकॉल लावून स्क्रूने आवळाव्यात, आणि उरलेले दोन-दोन फुटांचे दोन तुकडे खालच्या चौकटीवर टाकावेत. टेबलाची एकूण उंची चौतीस-पस्तीस इंच असावी. हात सरळ खाली सोडून उभे राहिल्यावर पाट मनगटाच्या रेषेत आला, की ती उंची आपल्याला योग्य समजावी.

हत्यारांसाठी टेबलामागच्या भिंतीवर तिरप्या पट्ट्यांची रचना करावी. प्लायच्या चार इंची पट्ट्यांची एक कड 45 अंशांत कापायची. भिंतीवरची पट्टी अशी ठोकायची की तिरपी कड वर येईल, तिचे टोक आपल्याकडे राहील आणि कडेचा उतार भिंतीच्या दिशेने जाईल. तशीच पट्टी उलटी करून पेटीच्या किंवा फळीच्या पाठीला लावली की ती त्या खाचेत अडकते. पुढे करवतीची जागा बदलावीशी वाटली, तर भिंतीला नवे भोक पाडावे लागत नाही.

प्रश्न : गॅरेजमध्ये दिव्याचा एकच पॉइंट आहे. घरातून एक्स्टेन्शन बोर्ड ओढून ग्राइंडर आणि करवत चालवली तर चालेल का? (सातारा)

उत्तर : चालवू नये. पैसे वाचवायचे असतील तर हत्यारांत वाचवावेत, वायरिंगमध्ये नव्हे. 850 वॅटचा ग्राइंडर 230 व्होल्टवर पावणेचार अँपिअरच्या आसपास घेतो, 1,400 वॅटची गोल करवत सहा, आणि भुशासाठी 1,200 वॅटचा व्हॅक्यूम क्लीनर सोबत लावला तर आणखी पाच. करवत आणि व्हॅक्यूम एकत्र चालले तरी अकरा अँपिअर होतात. बारीक वायरीच्या घरगुती बोर्डावर हा भार टाकला की प्लग तापतो, आणि वायर गुंडाळलेलीच ठेवली असेल तर आधी तीच वितळते.

परवानाधारक वायरमनकडून मुख्य बोर्डापासून स्वतंत्र लाइन घ्यावी. 2.5 चौरस मिलिमीटरची तांब्याची तार, अंतर वीस मीटरच्या पुढे असेल तर 4 ची, स्वतंत्र एमसीबी (भार वाढला की आपोआप बंद होणारा स्विच), 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळू लागली की पुरवठा तोडणारा स्विच) आणि तपासून घेतलेले अर्थिंग, एवढे हवेच. 16 अँपिअरचे सॉकेट टेबलाच्या पाटाच्या वर असावेत. ट्यूबलाइट पाठीमागे नको, टेबलाच्या पुढच्या कडेच्या बरोबर वर हवी. नाहीतर आखलेल्या रेघेवर आपलीच सावली पडते. छंदापुरते काम घरगुती मीटरवर करता येते, पण ऑर्डरी घेऊन व्यवसाय सुरू केल्यास विद्युत अधिनियम, 2003 च्या कलम 126 खाली तो अनधिकृत वापर ठरू शकतो. त्याआधी जोडणीचा प्रकार बदलून घ्यावा.

प्रश्न : आमच्या गॅरेजच्या भिंती जांभ्या दगडाच्या आहेत. खिळा धरत नाही आणि पावसाळ्यात पटाशा, पाने सारे गंजते. (रत्नागिरी)

उत्तर : जांभा मऊ आणि सच्छिद्र असल्याने आपटून फुगणारे फास्टनर त्याला आतून फोडतात. म्हणून सामानाचे वजन भिंतीवर टाकूच नये. स्लॉटेड अँगलचा, म्हणजे भोके असलेल्या लोखंडी पट्ट्यांचा, घोडा जमिनीवर उभा करावा आणि तो पुढे कलंडू नये इतक्यापुरताच दोन-तीन ठिकाणी लांब स्क्रूने भिंतीला बांधावा. ड्रिलचा हॅमर बंद ठेवून भोक पाडले तर कडा ढासळत नाहीत. घोडा भिंतीपासून दोन बोटे लांब आणि सर्वांत खालची फळी जमिनीपासून किमान सहा इंच वर ठेवल्यास ओल चढत नाही, आणि वाळवीची माती चढू लागली तर ती वेळीच दिसते. प्लाय आपल्याकडे आयएस 710 चा, म्हणजे पाण्याला टिकणाऱ्या मरीन प्लायचा, शिक्का असलेलाच घ्यावा; कोरड्या गावात त्याची गरज नसते.

गंजाचे मूळ हवेत आहे. आर्द्रता 60 टक्क्यांच्या वर गेली की उघडे लोखंड वेगाने गंजते, आणि कोकणात जून ते सप्टेंबर ती त्याखाली क्वचितच येते. त्यामुळे सगळे गॅरेज कोरडे करण्याचा नाद सोडून फक्त धारेची हत्यारे सांभाळावीत. ती पुसून, मशीन ऑइलचा पातळ हात देऊन, सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डब्यात ठेवावीत. रंग बदलणारे जेल घेतले तर ते ओले झाल्याचे कळते आणि तापवून पुन्हा वापरता येते, मात्र त्यासाठी स्वयंपाकाचे भांडे वापरू नये. कातडी म्यानात पटाशी ठेवण्याची सवय पावसाळ्यापुरती मोडावी, कारण कातडे ओल धरून ठेवते.

प्रश्न : सोसायटीत इमारतीखाली खांबांमधली पार्किंगची जागा माझ्या वाट्याला आहे. तिथे पत्र्याची पेटी आणि छोटे टेबल ठेवता येईल का? (पुणे)

उत्तर : ते गॅरेज नव्हे. 2016 च्या रेरा, म्हणजे स्थावर मालमत्ता नियमनाच्या, कायद्याच्या व्याख्येनुसार गॅरेजला छप्पर आणि तीन बाजूंना भिंती लागतात. आणि इमारतीखालचे पार्किंग हे बिल्डरने वेगळे विकण्याजोगे गॅरेज नसून सामाईक जागेचा भाग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये नहालचंद लालूचंद खटल्यात स्पष्ट केले. सोसायटीच्या लेखी संमतीशिवाय तिथे काहीही कायमचे ठेवू नये, आणि थिनर किंवा पेट्रोल तर संमती असली तरी नको. आवाजाचेही बंधन आहेच. ध्वनिप्रदूषणाच्या 2000 च्या नियमांनुसार निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री दहानंतर 45 डेसिबल ही मर्यादा आहे, तर ग्राइंडर जवळून सहज 90 च्या वर जातो. आपल्याला घरातली बाल्कनी आणि हातकरवत अधिक सोयीची पडेल.

प्रश्न : एमआयडीसीतून पॅकिंगच्या लाकडी पॅलेट अगदी स्वस्तात मिळतात. त्यांच्या फळ्या केल्या तर चालतील का? (कोल्हापूर)

उत्तर : निवडून घेतल्या तर त्यांच्यासारखा स्वस्त माल नाही. परदेशी मालासोबत आलेल्या पॅलेटच्या ठोकळ्यावर गव्हाच्या लोंबीचे चित्र असलेला चौकोनी शिक्का असतो. त्यात रोमन लिपीत ‘एचटी’ असेल तर लाकूड उष्णतेने निर्जंतुक केलेले आहे. ‘एमबी’ असेल तर ते मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूने धुरावलेले आहे, ते घेऊ नये. देशांतर्गत पॅलेटवर शिक्का नसतो, तिथे डाग आणि वास हीच परीक्षा. खिळे पिळाचे असतात, ते उपटायला जाऊ नये, फळी चिरते. दोन फळ्यांच्या फटीत लोखंड कापायचे पाते घालून ते कापावेत. उरलेली टोके लोहचुंबक फिरवून शोधावीत आणि मगच फळी करवतीला लावावी. घासताना एन-95 मास्क हवा, कारण लाकडाची धूळ कर्करोगकारक म्हणून मान्य झालेली आहे. आणि तेलाचे किंवा रसायनाचे डाग असलेल्या, तसेच ‘एमबी’ शिक्क्याच्या फळ्या बंबात जाळायलाही घरी आणू नयेत.