ग्रामसेवकाची लेक आणि पोलंडची ग्मिना

प्रश्न : मी निवृत्त ग्रामसेवक, कोल्हापूर जिल्ह्यातला. मुलगी राज्यशास्त्र घेऊन टी.वाय.बी.ए.ला आहे. कम्युनिस्ट राजवट गेल्यावर पूर्व युरोपातल्या देशांनी नवा राज्यकारभार कसा उभा केला, याच विषयात पुढे शिकायचं म्हणते. घरातले सगळे एमपीएससीची तयारी कर म्हणतात. त्या देशांचं आपल्याला काय? आणि पोटापाण्याचं काय?

उत्तर : नमस्कार. तुमच्या घरात हा विषय मुलीच्या खालोखाल कोणाला समजेल तर तो तुम्हालाच, म्हणून पोलंडची गोष्ट जरा सविस्तर सांगते.

4 जून 1989 ला तिथे निवडणूक झाली. वाटाघाटीत ठरल्याप्रमाणे सेइममधल्या, म्हणजे त्यांच्या लोकसभेतल्या, फक्त 35 टक्के जागा खुल्या लढतीच्या होत्या. त्या 161 च्या 161 जागा सॉलिडॅरिटीने, म्हणजे कम्युनिस्ट राजवटीविरुद्ध उभ्या राहिलेल्या कामगार संघटनेने जिंकल्या, सिनेटमध्ये, म्हणजे वरच्या सभागृहात, 100 पैकी 99. सगळ्यांना हे आकडे आठवतात. मला मात्र त्यानंतरचं वर्ष जास्त मोलाचं वाटतं. राजधानी वॉर्सात सरकार बदललं तरी गावाच्या हाती काही आलं नव्हतं. जुन्या राजवटीत स्थानिक परिषदा होत्या, पण त्या वरचा हुकूम खाली पोचवायच्या. ना स्वतःची मालमत्ता, ना कायद्याच्या नजरेत वेगळं अस्तित्व.

मार्च 1990 मध्ये स्थानिक स्वराज्याचा कायदा झाला आणि 27 मे रोजी ग्मिनांच्या निवडणुका. ग्मिना म्हणजे त्यांचा सगळ्यात खालचा स्थानिक कारभार. आज त्या सुमारे अडीच हजार आहेत. हे इतक्या झटपट झालं कारण येझी रेगुल्स्की हे प्राध्यापक आणि त्यांचे सहकारी 1980 च्या दशकापासून, काही आशा दिसत नसतानाही, स्थानिक स्वराज्याचा आराखडा अभ्यासत होते. पुढचं काम तर तुमच्या ओळखीचंच. सरकारी मालमत्ता ग्मिनांच्या नावे करायची होती, त्यासाठी याद्या करायला समित्या बसल्या. शाळेची इमारत कोणाची, पाण्याची योजना कोणाची, मोकळी जागा कोणाची? तुम्ही आयुष्यभर नमुना 8, म्हणजे गावच्या मिळकतींची कर आकारणीची नोंदवही, सांभाळलात. नोंदवहीतल्या एका ओळीवर किती भांडणं उभी राहतात हे तुम्हाला कोणी सांगायला नको. लोकशाही तिथे त्या याद्यांमधून गावात पोचली, असं मी मनापासून मानते.

ग्मिना आणि प्रांत यांच्या मधला स्तर, पोव्यात, 1 जानेवारी 1999 पासून परत आला. त्याच वेळी 49 प्रांतांचे 16 झाले. म्हणजे आपल्यासारख्याच तीन पायऱ्या, पण ग्मिना पोव्यातच्या हाताखाली नाही. 2009 च्या कायद्यापासून ग्मिनेला तिच्या गावांसाठी वेगळा निधी ठेवता येतो आणि तो कशावर खर्चायचा हे गावची सभा ठरवते. आपली ग्रामसभा आणि ती सभा शेजारी ठेवून कोणी अभ्यास केला, तर मला तो वाचायला आवडेल. तुमच्या मुलीइतकं हे काम करायला योग्य कोण?

उभी केलेली संस्था वाकवताही येते, हेही तिने शिकावं. हंगेरीत 2010 साली दोन-तृतीयांश बहुमत मिळालेल्या पक्षाने नवी राज्यघटना आणली, ती 1 जानेवारी 2012 पासून लागू झाली. पोलंडमध्ये 2015 च्या अखेरीपासून घटनात्मक न्यायाधिकरणावरून, म्हणजे कायदे घटनेला धरून आहेत का हे तपासणाऱ्या न्यायालयावरून, मोठा संघर्ष पेटला.

आता पोटापाण्याचं. या विषयाच्या नावाने जाहिरात निघत नाही. प्राध्यापकी, संशोधन संस्था, आंतरराष्ट्रीय बातमीदारी, भाषांतर, इतक्याच वाटा आहेत, आणि प्राध्यापकीच्या जागा कमी निघतात. म्हणून नेट, म्हणजे प्राध्यापकीची पात्रता परीक्षा, आणि एक भाषा, या दोन गोष्टी तिने सोडू नयेत. भाषा तर आधी. भाषेवाचून हा अभ्यास दुसऱ्यांच्या इंग्रजी पुस्तकांवर चालतो आणि मुलाखतीत ते पाच मिनिटांत उघडं पडतं. पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटमध्ये रशियन शिकता येते. पोलिश, चेक आणि हंगेरियनसाठी दिल्ली विद्यापीठात विभाग आहे. पुढच्या शिक्षणासाठी दिल्लीच्या जेएनयूचं रशियन आणि मध्य आशियाई अभ्यास केंद्र आणि मुंबई विद्यापीठाचं मध्य युरेशियन अभ्यास केंद्र पाहावं. परदेशाचा खर्च ऐकून घाबरू नका. चेक प्रजासत्ताकातल्या सरकारी विद्यापीठांत चेक भाषेतून शिकणाऱ्याला, मग तो कुठल्याही देशाचा असो, शिक्षण शुल्क नसतं. राहण्याजेवणाचा खर्च मात्र आपला. युरोपीय संघाच्या इरॅस्मस मुंडुस शिष्यवृत्तीसाठीही तिने अर्ज करावा.

एमपीएससीला माझा विरोध नाही. पण घरच्यांच्या आग्रहाखातर दोन्हीकडे अर्धी-अर्धी वर्षं घालवू देऊ नका. पहिली दोन वर्षं एम.ए., भाषा आणि नेट यांना द्या. नेट निघाली नाही आणि भाषाही जमली नाही, तर स्पर्धा परीक्षेचं वय उरलेलं असेल.

आणि एक, वळीवडे तुमच्याच जिल्ह्यात आहे. 1943 ते 1948 या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित तिथल्या छावणीत राहिले. तिला एकदा तिकडे घेऊन जा. परत आल्यावर तुमच्या ग्रामपंचायतीचं एका वर्षाचं अंदाजपत्रक तिच्यापुढे ठेवा आणि कुठला पैसा गावाचा स्वतःचा, कुठला वरून आलेला, हे तिला चार पानांत लिहायला सांगा. ती चार पानं मला पाठवा, मग कुठल्या विद्यापीठात अर्ज करायचा ते बोलू.