झाकण दाबलं की चालतो

प्रश्न : ऊस वाहतुकीच्या आमच्या ट्रॅक्टरसाठी मुलानं नीओ-६एम जीपीएस मॉड्यूल आणि मोबाइल नेटवर्कवरून मेसेज पाठवणारा सिम८००एल वापरून ट्रॅकर बनवला आहे. प्लॅस्टिकची डबी सीटखाली आहे, लोहचुंबकाचा अँटेना मडगार्डवर. दारात उभा असताना ठिकाण अचूक येतं. फडातून निघून कच्च्या रस्त्याला लागलं की नकाशावरचा ठिपका जागेवर गोठतो, मग एकदम किलोमीटरभर उडी मारतो. अँटेना नवा आणला, फरक नाही. मुलगा म्हणतो मॉड्यूलच बदलू. डबीचं झाकण दाबून धरलं की मात्र चालतो.
– एक वाचक, शिरोळ

उत्तर : मॉड्यूल बदलू नका, निदान आत्ता तरी. शेवटचं वाक्य तुम्ही जाता जाता लिहिलंत, पण माझ्या मते दुखणं तिथंच आहे. झाकण दाबल्यावर चालतो याचा अर्थ आत काहीतरी सैल आहे आणि दाबामुळे ते टेकतं. नवा अँटेना आणलात तेव्हा तुम्ही डबीच्या बाहेरचा स्क्रूचा कनेक्टर काढून दुसरा बसवलात. आतली बोटभर वायर, म्हणजे पिगटेल, जुनीच राहिली. तिचं मॉड्यूलकडचं टोक म्हणजे टिचबटणासारखं वरून दाबून बसवायचं आयपेक्स कनेक्टर. संशयित तेच.

खात्री कशी करायची? मॉड्यूलवरच्या लुकलुकणाऱ्या दिव्यावर जाऊ नका. ठिकाण सापडलं की तो लुकलुकतो, सिग्नल किती जोमाचा आहे हे सांगत नाही. मॉड्यूल लॅपटॉपला जोडून ९६०० बॉड या वेगानं येणाऱ्या ओळी मुलाला पाहायला सांगा. जीपीजीएसव्हीने सुरू होणाऱ्या ओळीत प्रत्येक उपग्रहाचे चार आकडे असतात: क्रमांक, उंचीचा कोन, दिशा आणि चौथा सिग्नलचा जोर. मोकळ्या आभाळाखाली तीन-चार उपग्रह तरी ४० च्या आसपास हवेत. आता प्लॅस्टिकच्या काडीनं पिगटेल हळूच हलवा. सगळ्या उपग्रहांचे आकडे एकदम विशीत कोसळले किंवा गायब झाले, तर दोष जोडणीत. एकाच बाजूचे उपग्रह कमजोर दिसले, तर अँटेनाला ट्रॅक्टरचाच एखादा पत्रा आडवा येतोय. तो वेगळा विषय.

दारात चालतो आणि रस्त्यावर नाही, हे कोडं वाटतं खरं. उपग्रह वीस हजार किलोमीटरवर, त्याचा सिग्नल आपल्यापर्यंत येतो तेव्हा रिसीव्हरच्या स्वतःच्या गोंगाटाखाली दबलेला असतो. शिवाय प्रत्येक उपग्रह आपल्या कक्षेचा तपशील ३० सेकंदांच्या फेरीत सांगतो आणि रिसीव्हरला तो विनाखंड ऐकावा लागतो. खड्ड्याखड्ड्याला जोडणी तुटत असेल तर ते ऐकणं पुरं होत नाही. मग जेमतेम तीन उपग्रहांवर ओढूनताणून काढलेलं ठिकाण किलोमीटरभर चुकलं तर नवल नाही.

मल्टिमीटर असेल तर आणखी एक तपासणी करा. तुमच्या अँटेनाच्या पोटात छोटा अ‍ॅम्प्लिफायर आहे, त्याची वीज याच वायरीतून जाते. बाहेरचा अँटेना काढा, डबीवरच्या कनेक्टरच्या मधल्या छिद्रात लाल प्रोब आणि बाहेरच्या धातूला काळा. बहुतेक मॉड्यूलवर तीन व्होल्टच्या आसपास मिळतात. वायर हलवताना आकडा नाचला तर वेगळा पुरावा नको. फक्त प्रोब घसरून शॉर्ट होऊ देऊ नका.

दुरुस्ती म्हणजे नवी पिगटेल. घेताना जुनी सोबत न्या, कारण दिसायला सारखेच पण आकारानं बारीक असे दुसरे प्रकारही मिळतात, ते या मॉड्यूलवर बसत नाहीत. कनेक्टर सरळ वरून दाबा, टक्‌ आवाज यायला हवा. तिरपा ओढून काढायची सवय मुलानं सोडावी. हे कनेक्टर बनवणाऱ्यांच्या लेखीच जेमतेम ३० वेळा काढ-घाल करण्यापुरते असतात.

दोष मुळात का आला हेही बघा. माझा अंदाज, डबीच्या भोकातला नट सैल आहे आणि बाहेरून अँटेना पिळताना अख्खा कनेक्टर फिरून आतली वायर पीळ खाते. तिथे दातेरी वॉशर घालून नट आवळा. पिगटेलला थोडा झोल ठेवा आणि ती कनेक्टरपासून सेंटिमीटरभर अंतरावर बोर्डाला सिलिकॉननं चिकटवा. व्हिनेगरचा वास येणारं सिलिकॉन मात्र नको, ते तांबं खातं. हॉट ग्लू मी वापरत नाही, उन्हात तापलेल्या डबीत तो मऊ पडतो.

एवढं करून आकडे स्थिर आले आणि तरीही ट्रॅकर मधूनच बंद होऊन पुन्हा सुरू होत असेल, तर सिम८००एलकडे वळा. मेसेज पाठवताना तो क्षणभर २ अँपिअरपर्यंत करंट ओढतो. पुरवठा अशक्त असेल तर व्होल्टेज बसतं आणि जीपीएसही त्याच्यासोबत रीस्टार्ट होतं. सिम८००एलच्या अगदी जवळ, जाड वायरींवर, १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावून पाहा.