अनोळखी तलावावर एका दिवसासाठी मासेमारीचा गाईड घ्यावा का? ठरवताना काय विचारावं?

जरूर घ्या. काठावरून पाणी सगळीकडे सारखंच दिसतं. तळाचा उतार कुठे एकदम तुटतो, बुडालेली झाडं कुठे आहेत, वारा फिरला की बारीक मासळी कोणत्या काठाला जमते, हे रोज पाण्यावर असणाऱ्यालाच ठाऊक.

फोनवर पहिला प्रश्न दराचा नको. "सध्या मासा किती खोलीवर आणि कशाला लागतोय?" असं विचारा. जाणकार लगेच नेमकं सांगतो. नुसतं "भरपूर मिळेल" म्हणणाऱ्याला सोडून द्या. गळ-काठी, आमिष, लाइफ जॅकेट कोणाचं, परवाना कोणी काढायचा, हवा बिघडली तर ॲडव्हान्सचं काय, हे मेसेजवर लिहून घ्या.

उन्हाळ्यात पहाटे निघायचा आग्रह धरा. ऊन चढलं की वरचं पाणी तापतं आणि बरेच मासे खाली गारव्याला जातात.

नवखे असाल तर तसं आधीच सांगा. मग तो स्वतः गळ टाकत न बसता तुमच्या हाताकडे बघेल: झटका कधी द्यायचा, दोरी कधी सैल सोडायची. मासा परत सोडणार असाल तर हात ओले करूनच धरा. कोरड्या हाताने अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि त्याला नंतर संसर्ग होऊ शकतो.